व्यायामाचा तास आणि घरचे घड्याळ

वैद्य, वकील आणि करसल्लागार यांच्या जोडीला समाजातील व्यापारी कुटुंबांत गेल्या काही वर्षांत आणखी एका जाणकाराची ये-जा सुरू झाली आहे. तो म्हणजे व्यक्तिगत व्यायामशिक्षक, ज्याला घरातील आबालवृद्ध ‘ट्रेनर’ याच नावाने ओळखतात. दिवसाचे दहा-बारा तास गादीवर नाहीतर गल्ल्यामागे बसून गेलेले आयुष्य चाळिशी-पन्नाशीत आपला हिशेब मागू लागते. कोणाची साखर वाढते, कोणाचा रक्तदाब, कोणाचे गुडघे उपाश्रयाच्या पायऱ्या चढताना कुरकुरतात. डॉक्टर व्यायाम सांगतात, मुले जिममध्ये नाव घालून देतात आणि आठवड्यातून तीन दिवस एक तास विकत घेतला जातो. कापड घेताना ताग्याचा पन्हा मोजून पाहणारा, सोने घेताना कस लावून पाहणारा हाच व्यापारी या एका तासात नेमके काय मिळते हे मात्र क्वचितच विचारतो.

तो तास उलगडून पाहण्यासारखा आहे. चांगला ट्रेनर साधारणपणे त्याचे तीन भाग करतो. सुरुवातीची आठ-दहा मिनिटे शरीर तापवण्याची, मधली चाळीस मिनिटे मुख्य व्यायामाची आणि शेवटची आठ-दहा मिनिटे शरीर निवू देण्याची. आता मधल्या चाळीस मिनिटांचा जमाखर्च मांडू. समजा पाच व्यायामप्रकार आहेत आणि प्रत्येकाचे तीन सेट, म्हणजे एकूण पंधरा सेट. एका सेटमध्ये दहा वेळा वजन उचलायचे. प्रत्येक वेळी वर नेण्यास व सावकाश खाली आणण्यास मिळून चार सेकंद लागले, तर एक सेट ४० सेकंदांचा होतो. पंधरा सेटचे झाले ६०० सेकंद, म्हणजे अवघी १० मिनिटे. दोन सेटच्या मध्ये दीड मिनिट विश्रांती धरली तर तिची बेरीज २१ मिनिटे येते. उरलेली मिनिटे एका यंत्रापासून दुसऱ्यापर्यंत जाणे, वजन बदलणे आणि बैठक नीट करणे यांत जातात. साठ मिनिटांचे पैसे देऊन प्रत्यक्ष वजन उचलले जाते ते दहा मिनिटे. पहिल्यांदा हे ऐकणाऱ्या व्यापाऱ्याला आपण फसलो असे वाटल्यास नवल नाही.

परंतु यात फसवणूक नाही. ट्रेनरचे खरे कौशल्य त्या एकवीस मिनिटांतच असते. जोर लावताना स्नायू पहिल्या काही सेकंदांत वापरतो ती शक्ती त्याच्याजवळ अत्यंत थोडी साठवलेली असते. ती संपली की पुन्हा भरून येण्यास वेळ लागतो, आणि पूर्ण भरण्यास तर तीन ते पाच मिनिटे. म्हणून जो फार जड वजन उचलतो त्याला दोन सेटमध्ये दोन ते पाच मिनिटे थांबवले जाते. मध्यम वजनाने स्नायू भरावेत असे ज्याला वाटते त्याला एक-दीड मिनिट पुरते. हलक्या वजनाने दमछाक सोसण्याची ताकद वाढवायची असेल तर अर्धे मिनिटही चालते. थोडक्यात, विश्रांती बदलली की तोच व्यायाम निराळे फळ देतो. पन्नाशीच्या गृहस्थाला क्षणभरही उसंत न देता एका यंत्रावरून दुसऱ्यावर पळवणारा ट्रेनर पाहणाऱ्यांना मोठा मेहनती वाटतो. प्रत्यक्षात तो दमणूक देत असतो. ताकद येतेच असे नाही. हातात घड्याळ घेऊन, गप्पा न मारता, शांत उभा राहिलेला ट्रेनर अधिक काम करत असण्याची शक्यता आहे.

वेळ खरोखरच कमी असेल तर जाणकार लोक विश्रांती तोडत नाहीत, व्यायामांच्या जोड्या लावतात. छातीचा व्यायाम झाला की लगेच पाठीचा. छाती विसावत असताना पाठ काम करते आणि पाठीच्या विसाव्यात पुन्हा छातीची पाळी येते. एका कामगाराच्या जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्याने काउंटर सांभाळावा, तशी ही व्यवस्था आहे. चाळीस मिनिटांचे काम त्यामुळे पंचवीस-तीस मिनिटांत बसते.

जिमच्या प्रत्येक वहीत आढळणारे ‘दहाचे तीन सेट’ हे सूत्र आले कोठून, याचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. ते पहिलवानांच्या आखाड्यातून आलेले नाही, रुग्णालयातून आलेले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डीलॉर्म नावाचे अमेरिकन लष्करी डॉक्टर जखमी सैनिकांच्या दुबळ्या पायांना वजनाच्या व्यायामाने उभारी देत होते. आरंभी ते एका वेळी दहाचे सात ते दहा सेट करवून घेत. अनुभवांती इतक्याची गरज नाही असे त्यांना दिसून आले आणि १९४८ मध्ये वॉटकिन्स या सहकाऱ्यासह त्यांनी तीन सेटची पद्धत मांडली. जे वजन जेमतेम दहा वेळा उचलता येते त्याच्या निम्म्याने पहिला सेट, पाऊणपटीने दुसरा आणि पूर्ण वजनाने तिसरा. म्हणजे मुळातच हे सूत्र दुखावलेल्या शरीराला बेताबेताने चढवत नेण्यासाठी जन्मले. पहिल्याच दिवशी नवख्याला पूर्ण वजन हाती देणाऱ्यांनी निदान एवढे लक्षात ठेवावे.

तासाच्या दोन्ही टोकांना असलेल्या दहा-दहा मिनिटांबद्दल व्यापाऱ्यांची नेहमी तक्रार असते. दुकानातून फोन येतो, वाहतुकीत अडकायला होते आणि पंधरा मिनिटे उशिरा पोहोचलेले शेठजी म्हणतात, “वॉर्म-अप राहू द्या, सरळ वजनावर घ्या.” येथे ट्रेनरची पारख होते. योग्य ट्रेनर मधला भाग कापतो, पाचऐवजी तीन व्यायाम घेतो, परंतु टोके कापत नाही. थंड शरीरात सांधे आखडलेले असतात आणि हृदयावर अचानक भार टाकणे वाढत्या वयात जोखमीचे ठरते. शेवटचा भागही तितकाच गरजेचा. जोराच्या व्यायामानंतर माणूस एकदम उभा राहिला तर पायांत आलेले रक्त तेथेच रेंगाळते, मेंदूकडे कमी जाते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. पाच-सात मिनिटे संथ चालत राहिले की पोटऱ्यांचे स्नायू ते रक्त वर ढकलत राहतात.

व्यायाम किती जोराचा असावा, हे ठरवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे बोलून पाहणे. चालता-चालता वाक्य पुरे करता येते, पण स्तवन गाता येत नाही, तो मध्यम श्रम. दोन-चार शब्दांनंतरच श्वास घ्यावा लागतो, तो जोराचा. अंकांत हवे असेल तर २२० मधून वय वजा करण्याची ढोबळ रीत आहे. ५५ वर्षांच्या माणसाची कमाल नाडी १६५ धरली, तर मध्यम श्रमात ती मिनिटाला साधारण १०५ ते १२५ राहते. मात्र रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडीची गती मुळातच रोखून धरतात. त्या घेणाऱ्यांना हा हिशेब लागू पडत नाही, आणि मनगटावरच्या महागड्या घड्याळाला ते कळतही नाही. आणखी एक गोष्ट रक्तदाब असणाऱ्यांनी सांभाळायची: वजन उचलताना श्वास कोंडू नये. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब क्षणात फार वर जातो. म्हणूनच उचलताना श्वास सोडा, खाली आणताना घ्या, असे ट्रेनर पुन:पुन्हा सांगत राहतो. जो सांगत नाही, त्याला विचारावे.

एका तासाचे झाले. परंतु तो तास दिवसात बसवायचा कोठे, हा जैन व्यापारी घरातील अधिक अवघड प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर ट्रेनरच्या पुस्तकांत सापडत नाही.

दुकान दहा-साडेदहाला उघडते आणि रात्री नऊच्या आसपास बंद होते. जिमच्या गर्दीच्या वेळा पहाटे सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते दहा. सर्वसाधारण ग्राहकाला ट्रेनर सहज सुचवतो, की दुकान बंद करून नऊ वाजता या, व्यायामानंतर भरपूर पाणी प्या, घरी जाऊन जेवा. चौविहार पाळणाऱ्या श्रावकासाठी या सल्ल्याचा शेवटचा अर्धा भाग निरुपयोगी आहे. मुंबईत नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्यास्त सुमारे सहाला होतो, जुलैच्या आरंभी सुमारे सात वाजून वीस मिनिटांनी. थंडीत सहाच्या आत जेवण आटोपलेले असल्याने रात्री नऊपर्यंत पोट हलके झालेले असते; अन्नाची अडचण नाही. अडचण पाण्याची आहे. तासाभराच्या जोरदार व्यायामात, विशेषतः उकाड्यात, अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो. त्याची भरपाई सकाळपर्यंत होणार नाही. जे तिविहार पाळतात त्यांना रात्री पाण्याची मोकळीक असते. चौविहार असणाऱ्यांना ती नाही.

सकाळी काय? येथे नवकारशीचा विचार करावा लागतो. सूर्योदयानंतर दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे होईपर्यंत मुखात पाणीही घ्यायचे नाही. मुंबईत जानेवारीत सूर्य सुमारे सव्वासातला उगवतो, म्हणजे नवकारशी आठ वाजून दोन-तीन मिनिटांनी येते. जूनमध्ये सूर्योदय सहाच्या सुमारास, तेव्हा ती सात वाजण्याच्या आतच येते. सहा ते सात असा बारमाही ठरवलेला तास जूनमध्ये ठीक बसतो. व्यायाम संपतो आणि पाणी घेता येते. जानेवारीत मात्र तोच तास रात्रीच्या बारा-तेरा तासांच्या निर्जल अवस्थेनंतर येतो आणि त्यानंतरही तासभर थांबावे लागते. तरुण, निरोगी माणसाला सौम्य व्यायामात हे झेपेल. साखरेचे औषध घेणाऱ्या ज्येष्ठांच्या बाबतीत मात्र येथे गंभीर धोका आहे.

काम करणारा स्नायू रक्तातील साखर ओढून घेतो आणि त्यासाठी त्याला इन्सुलिनची फारशी वाट पाहावी लागत नाही. मधुमेहात व्यायामाचा गुण येतो तो यामुळेच. पण जे इन्सुलिन घेतात, किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेतात, त्यांची साखर उपाशीपोटी व्यायामात धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते. हात थरथरणे, दरदरून घाम, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ ही तिची लक्षणे. उपाय एकच आणि तातडीचा, तो म्हणजे साखर खाणे. ट्रेनरला पच्चक्खाणाची कल्पना नसेल आणि श्रावक संकोचाने गप्प राहिला, तर मधल्या दहा मिनिटांत अनर्थ होऊ शकतो. पच्चक्खाणातही अशा प्रसंगांसाठी आगार, म्हणजे मोकळीक ठेवलेली असते. ती कोणती व केव्हा, हे गुरुमहाराजांकडून आधीच समजून घ्यावे. जिमच्या फरशीवर बसून ते ठरवता येत नाही. अशा व्यक्तींचा व्यायाम नवकारशीनंतर, थोडे खाऊन, साखर तपासून झालेला बरा. औषधाच्या मात्रेत काही फरक करायचा असेल तर तो डॉक्टरांनी करायचा.

सुदैवाने दुकानदाराचा दिवस येथे साथ देतो. नोकरदार आठलाच घराबाहेर पडतो, व्यापाऱ्याला साडेनऊपर्यंत सवड असते. आठ वाजून दहा मिनिटांनी पाणी आणि थोडा आहार, साडेआठ ते सव्वानऊ व्यायाम, मग पूजा, न्याहारी आणि दुकान. ज्यांच्या घरी आधी पूजा होते त्यांना अर्धा तास मागेपुढे करावा लागेल. पंचेचाळीस मिनिटांत पूर्ण व्यायाम बसतो, हे वरच्या हिशेबावरून दिसतेच. सामायिकासाठी रोज ४८ मिनिटे काढणाऱ्या घरांना एवढ्या वेळाची जाण कोणी नव्याने करून द्यावी असे नाही. रात्रीशिवाय वेळच नसेल, तर रात्री घाम न काढणारे काम घ्यावे: सांधे मोकळे करणे, ताण देणे, संथ चालणे. वजनाचे दोन दिवस दुकानाच्या साप्ताहिक सुट्टीच्या आणि आणखी एका सकाळी ठेवावेत. व्यायामानंतर अर्ध्या तासात प्रथिने पोटात गेलीच पाहिजेत, हा जिममधला धाक मनावर घेण्याचे कारण नाही. दिवसभरात मिळून मूग, चणे, दही, पनीर यांतून किती प्रथिने जातात, त्याला अधिक महत्त्व आहे. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणातही ती पुरी पडू शकतात.

वर्षाच्या आखणीतही हाच विचार हवा. जाणते ट्रेनर तीन-चार आठवडे भार वाढवत नेतात आणि मग एक आठवडा मुद्दाम हलका ठेवतात, म्हणजे शरीर सावरते. हा हलका आठवडा कधी ठेवावा, हे जैन ग्राहकाच्या बाबतीत पंचांगच सांगते. श्वेतांबरांचे पर्युषणाचे आठ दिवस, दिगंबरांचे दशलक्षण पर्वाचे दहा दिवस, चैत्र आणि आश्विनातील नवपद ओळीचे नऊ-नऊ दिवस ट्रेनरच्या वहीत वर्षारंभीच लिहून द्यावेत. ओळीतील आयंबिलात तूप, तेल, दूध, दही, साखर काहीच नसते. अशा आहारावर जड वजने उचलणे शहाणपणाचे नाही. अठ्ठाईत तर व्यायाम पूर्ण बंद. वर्षीतप करणाऱ्यांचा एक दिवस उपवासाचा आणि एक बियासणाचा असा क्रम तेरा महिन्यांहून अधिक चालतो. त्यांनी व्यायाम करायचाच असेल तर तो बियासणाच्या दिवशी, दोन्ही आहारांच्या मधल्या वेळेत, आणि तोही हलका.

मोठ्या तपस्येनंतर परतण्याची घाई हीसुद्धा नेहमी दिसणारी गोष्ट. पारण्याला मुगाचे पाणी चमच्याचमच्याने देणारे घरचे लोक चौथ्या दिवशी मुलाला जुन्याच वजनांकडे जाऊ देतात. स्नायूंनीही उपवास केलेला असतो. डीलॉर्म यांच्या निम्म्या वजनापासून त्यांनाही दोन आठवड्यांत हळूहळू चढवत न्यावे.

या साऱ्यात ट्रेनरची बाजूही व्यापाऱ्याने समजून घेण्यासारखी आहे. त्याचा माल म्हणजे तास, आणि तो वखारीत ठेवता येत नाही. सकाळी सातचा ग्राहक आला नाही, तर तो तास त्या दिवसापुरता बुडाला. म्हणूनच बारा तासांचे पॅकेज महिनाभरात संपवण्याची अट असते आणि ऐनवेळी रद्द केलेला तास धरला जातो. अट गैर नाही. पण पर्युषणाचे दिवस त्यातून वगळण्याचे, हिवाळ्यात वेळ पुढे सरकवण्याचे पैसे देण्यापूर्वीच ठरवून घेतले तर बहुतेक ट्रेनर आनंदाने मान्य करतात. नंतर हुज्जत घालण्यात दोघांचीही अडचण होते. आणि त्याच पहिल्या भेटीत ट्रेनरने आजार, औषधे, जुनी दुखापत, छातीत दुखणे वा चक्कर येणे यांबद्दल लेखी प्रश्न विचारले नाहीत, तर दुसरा ट्रेनर पाहावा. आपल्या देशात या व्यवसायाला सरकारी परवाना लागत नाही. भिंतीवरची प्रमाणपत्रे खासगी संस्थांची असतात, त्यांतील काही कसून परीक्षा घेणाऱ्या, काही शनिवार-रविवारात उरकणाऱ्या.

घरातील सुनांचा आणि सासूबाईंचा प्रश्न आणखी निराळा आहे. सकाळी डबे, पूजा, मुलांची शाळा. संध्याकाळी पाचपासून चौविहाराच्या स्वयंपाकाची धांदल. पुरुषाला सोयीची एकही वेळ त्यांना सोयीची नसते. त्यांचा मोकळा वेळ दुपारी अडीच ते साडेचारचा, आणि नेमका तोच जिमचा रिकामा काळ. यंत्रे मोकळी असतात, ट्रेनर मोकळा असतो आणि दरातही पुष्कळदा सवलत मिळते. तीन-चार मैत्रिणींनी मिळून एक ट्रेनर ठरवला तर खर्च वाटला जातो आणि एकीच्या विश्रांतीत दुसरीचा सेट असे चक्र आपोआप बसते. रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ होण्याचा वेग वाढतो. वजनाचा व्यायाम त्याला आळा घालणाऱ्या थोड्या उपायांपैकी एक आहे, तरी घरात जिमचे सदस्यत्व घेतले जाते ते बहुधा मुलाचे आणि त्याच्या वडिलांचे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी सांगितलेले माप असे आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम, किंवा त्याच्या निम्मी मिनिटे जोराचे श्रम, आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम. दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या हंगामात, जेव्हा दुकान अकरापर्यंत उघडे असते, तेव्हा आठवड्याचे तीन तास कोणालाच जमत नाहीत आणि व्यायाम सुटतो तो तेव्हाच. त्या सहा आठवड्यांसाठी ट्रेनरकडून अर्ध्या-अर्ध्या तासाचे दोनच दिवस मागून घ्यावेत: पाच मिनिटे शरीर तापवणे, जोडीजोडीने चार व्यायाम, पाच मिनिटे संथ चाल. बाकीची चाल वखारीपर्यंत गाडी न नेता भरून काढता येते.